जिनमध्ये रातांबे मुरवणं: हौस की नासाडी?

बरणीवाला
रविवारी मित्रांना घरी मुरवलेली कोकम-जिन पाजली. एकाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "जिनला जिन राहू दे की रे!" तिथे जो वाद पेटला तो इथे आणतोय.
माझी कृती: साधी, स्वस्तातली जिन. अर्धा खंबा (म्हणजे अर्धी मोठी बाटली) काचेच्या बरणीत, त्यात सात-आठ रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांची साल, बिया काढून. दोन दिवस अंधाऱ्या कपाटात, मग मलमलीतून गाळायची. (आधी एकदा डब्यातलं आमसूल टाकलं होतं. ते मिठाचं निघालं, ती जिन कढीतसुद्धा खपली नसती.) रंग माणकासारखा येतो. आयत्या फ्लेवरच्या बाटलीला जादा पैसे का मोजायचे?

कोरडा_शुद्ध
तोंड वाकडं करणाऱ्याशी सहमत. जिन म्हणजे जुनिपर या झुडपाची सुगंधी फळं, आपल्या आयुर्वेदातली हपुषा. गोव्यात बनणाऱ्या एका जिनने तर हपूसा हेच नाव घेतलंय. बनवणारा जुनिपर, धणे, साली यांचं माप जुळवून ती गाळतो, आणि तुम्ही वरून आंबट ओतता. मसाले दूध तयार झाल्यावर त्यात कोणी गोडा मसाला टाकतं का? मुरवायचंच असेल तर व्होडका घ्या, तिला स्वतःचं काही म्हणायचं नसतं.

बरणीवाला
मग इंग्लंडातली स्लो जिन? कुंपणाच्या काटेरी झुडपांची 'स्लो' नावाची तुरट फळं साखर घालून जिनमध्ये महिनोन् महिने मुरवतात. साहेबाने केलं की परंपरा, आम्ही केली की नासाडी?

कोरडा_शुद्ध
साहेबही तिला लिक्युअरमध्ये, म्हणजे गोड दारूत मोजतो, जिनमध्ये नाही. उदाहरण तुमचं, मुद्दा माझा. आभार.

नियमबाई
दारू पिण्याचा परवाना आहे ना सगळ्यांकडे? आणि महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, पाहुण्यांचंही बघा.

रसायनवाली
एक भीती आधी काढते, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच: नुसतं मुरवून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल तयार होत नाही. ती भानगड चोरट्या भट्टीची. घरी भट्टी लावून दारू गाळणं वेगळं आणि बेकायदा.
खरा घोळ वेळेचा. आपल्याकडची जिन बहुधा ४२.८ टक्क्यांची. एवढ्या अल्कोहोलमध्ये सालीतलं तेल भराभर उतरतं, आणि रेंगाळलात तर मागोमाग कडूही. लिंबाची साल सोलाण्याने पातळ काढा, पांढरा भाग नको, एका दिवसात बाहेर. हिरवी मिरची तासाभराने चाखा. मी एकदा तीन मिरच्या रात्रभर विसरले, सकाळी नुसतं झाकण उघडलं तर ठसका लागला. ती बाटली अजून आहे, पाहुणे फार बसले की काढते.
गोकर्णाची फुलं मात्र जरूर टाका. जिन निळी होते, वर लिंबू पिळलं की जांभळी-गुलाबी. चवीत काडीचा फरक नाही, त्यामुळे शुद्धवाल्यांनाही चालावं.

काणकोणकार
आमच्याकडे गोव्यात मार्च ते मे हुर्राक, काजूच्या बोंडांची दारू. त्यात लिम्का, मीठ, उभी चिरलेली मिरची. हुर्राक नासली म्हणून कोणी रडत नाही. पण हे सगळं ग्लासात घालतात, बाटलीत नाही! बाटलीत टाकलं की यजमानाची आवड सगळ्यांच्या गळ्यात. तुमचा पाहुणा त्यानेच चिडला असणार.

बरणीवाला
ग्लासात पाच मिनिटांत रातांब्याचं काय उतरणार? नुसता रंग. पण हो, त्याला न विचारता ओतली होती.

कोरडा_शुद्ध
आता खरं बोललात. पुढच्या वेळी पाव बरणीच करा. रातांबे संपायच्या आत येतो, टॉनिक वॉटर मी आणतो. आणि माझी बाटली सीलबंद ठेवा.