लाइट गेज स्टीलचं तयार घर: पाया किती अचूक लागतो?

पागोळी: लाइट गेज स्टीलचं, म्हणजे जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याच्या सांगाड्याचं, ६ × ८ मीटरचं एकमजली घर. भिंतींच्या फ्रेम कारखान्यातून जोडून येणार. बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम. पाया मात्र जागेवरच ओतायचा आहे. फ्रेमवाले ५ मिमीच्या वर चढउतार चालणार नाही म्हणतात, गवंडी म्हणतो थोडंफार जिरतं. कुणाचं ऐकू? आणि बोर्डांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं?

ओळंबा: फ्रेमवाल्यांचं. विटांच्या भिंतीत चूक जिरवायला मसाला असतो, इथे काहीच नसतं. तळाचा ट्रॅक (फ्रेमची खालची आडवी पट्टी) वरखाली बसला की फ्रेम पिळते, दार अडकतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून जिप्समला तिरकी चीर जाते.

दोन्ही कर्ण मोजा. ६ × ८ ला कर्ण बरोब्बर १० मीटर येतो, त्यामुळे चूक लपत नाही. मग भिंतींच्या रेषेवर दर मीटरला लेव्हल घ्या. उंचवटे घासून काढा. खळग्यात प्रत्येक स्टडखाली (फ्रेमच्या उभ्या खांबाखाली) पॅकिंगच्या चकत्या द्या आणि उरलेली फट नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या पातळ मसाल्याने) भरा. नुसत्या पॅकिंगवर ट्रॅक मधेमधे अधांतरी राहतो. ट्रॅकखाली डीपीसीची (ओल अडवणारी) पट्टी हवीच, ओलं काँक्रीट जस्ताचा मुलामा खातं.

अँकर बोल्ट आधी पुरू नका. फ्रेम ओळंब्यात आणून मगच भोकं पाडा. केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट) असेल तर भोक ब्रशने घासून फुंकून काढा, आत धूळ राहिली की बोल्ट हातात येतो.

काटकोन: सांध्याचं सांगतो. १० मिमीची फट असेल तर १३ मिमीचा बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) दाबून बसवा, वर ५-६ मिमी सीलंट. रॉड गाळून फट ठासून भरली की सीलंट तळालाही चिकटतं, बोर्ड सरकला की त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते फाटतं. रंग द्यायचा असेल तर साधं सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही, पॉलियुरेथेन घ्या.

पण सीलंटच्या भरवशावर घर कोरडं राहत नाही. बोर्डामागे २० मिमी पोकळी, तिच्यामागे ब्रीदर मेम्ब्रेन (पाणी अडवणारं पण वाफ बाहेर सोडणारं कापड). मेम्ब्रेन खालून वर लावत जा, वरचा पट्टा खालच्यावर १५० मिमी चढवा. पोकळी खाली उघडी, फक्त जाळी. ती फट दिसायला वाईट म्हणून हमखास कुणीतरी बुजवतं आणि आत आलेलं पाणी आतच राहतं.

ठोकळा: साइटवर ग्राइंडर आणू देऊ नका. ठिणग्यांनी कापलेल्या कडेचं जस्त जळतं. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापा.

पागोळी: आभार. न्हाणीघरात २५ लिटरचा गीझर जिप्समच्या भिंतीवर टांगता येईल का?

ओळंबा: नुसत्या जिप्समवर नाही, भरलेला गीझर ३५ किलोच्या आसपास जातो. दोन स्टडमध्ये १८ मिमी मरीन प्लायची आडवी पट्टी बोर्ड लावण्याआधीच कसा. बेसिन, किचनची कपाटं, टीव्ही यांच्या जागाही आताच ठरवा. तांब्याची नळी स्टडच्या भोकातून जात असेल तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला, नाहीतर तिथेच गंज धरतो. आणि भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीला मापाची टेप धरून फोटो काढा.