पॉमेरेनियनला हृदयाचा आजार सांगितलाय, पण पटत नाहीये. मदत हवी आहे

आमचा पॉम, वय 9, वजन जरा जास्तच. बरेच दिवस कोरडा, भोंग्यासारखा खोकला आहे. पट्टा ओढला किंवा दाराची बेल वाजली की हमखास. झोपेत अजिबात नाही. डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'हृदय मोठं झालंय' म्हणत पिमोबेंडान (हृदयाचं औषध) आणि लघवीची गोळी कायमची सुरू केली. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला नाही, मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते का तेही सांगितलं नाही. गोळ्यांनी पाणी पिणं आणि फरशीवर शू तेवढी वाढली, खोकला जैसे थे.

झोपेत श्वास मोजले, मिनिटाला 30 च्या आतच असतात. खाणंपिणं ठीक. गळपट्टा काढून हार्नेस लावल्यावर खोकला थोडा कमी वाटतो, म्हणून श्वासनलिका दबत असावी अशी शंका येते. लहान जातींत ते बरंच आढळतं, आणि साध्या एक्स-रेत दरवेळी दिसतंच असं नाही म्हणे.

गोळ्या मनाने बंद केलेल्या नाहीत, करणारही नाही. एक्स-रे फिल्म हातात आहे. आम्ही डोंबिवलीत, परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलपर्यंत नेऊ शकतो, पण टॅक्सीनेच, म्हणून एकाच फेरीत काम व्हावं.

कुत्र्यांचा इको नीट करणारे कोणी ठाणे-कल्याण पट्ट्यात आहेत का? आणि इकोआधी गोळ्या चालू ठेवायच्या असतात ना?