पहिलीच पायी वारी: सराव किती, पायात काय, जवळ काय?

कोरडी_वाट:
यंदा माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं आहे. दिंडी ठरली, भिशीही (दिंडीतल्या जेवण-मुक्कामाचे पैसे) भरली. रोज पाचेक किलोमीटर चालतो, तेवढं पुरेल का? बूट घ्यावेत की सँडल? सामान ट्रकमध्ये जाणार, मग खांद्यावर काय ठेवायचं?

तळावरचा:
रोजचे पाच पुरणार नाहीत. सगळ्यात दमवणारा टप्पा सुरुवातीलाच येतो: पुणे ते सासवड, 30 किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण. तिथे रथालाही जादा बैलजोड्या लावतात. बरं, त्यानंतर सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, तेवढी उसंत मिळते.

निघायच्या दीड महिना आधीपासून शनिवार-रविवार लागोपाठ 15 ते 20 किलोमीटर चाला, तेही डांबरी रस्त्यावर. पहिल्या दिवशी कुणीही चालतो. आखडलेल्या पोटऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चालता येतं का, ते बघायचं. दिंडीची चाल संथ असते, मध्येमध्ये खोळंबा. या उभं राहण्यानेच कंबर जास्त धरते, म्हणून थांबलात की वजन या पायावरून त्या पायावर घेत राहा.

नीराकाठ:
बंद बूट नकोत. एकदा आत पाणी गेलं की मुक्कामापर्यंत वाळत नाही. ओली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड येतो. मागे पट्टा असलेले सँडल बरे, पाणी निथळून जातं. खडे शिरतात, ते काढत बसावं लागतं, पण फोडापेक्षा परवडलं. आत पातळ सिंथेटिक मोजे घाला. सुती मोजे ओल धरून ठेवतात. सँडल नवे असतील तर आधी शंभरेक किलोमीटर वापरून घ्या. नखं निघायच्या चार दिवस आधी सरळ रेषेत कापा. बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना सकाळीच व्हॅसलीन.

कोरडी_वाट:
फोडात सुईने दोरा ओवून ठेवतात असं ऐकलं. करावं का?

नीराकाठ:
दोरा अजिबात नको, त्याच्या वाटेने घाण आत जाते. लहान फोड असेल तर फोडूच नका, वर चिकटपट्टी लावा. मोठा, ठणकणारा असेल तर साबणाने पाय धुवा, स्पिरिटने पुसलेल्या नव्या सुईने कडेला टोचा, पाणी दाबून काढा. वरची कातडी ओढायची नाही, तेच त्याचं झाकण. मग मलम आणि कोरडी पट्टी. मधुमेह असेल तर हे घरगुती उद्योग करू नका, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जा.

वळकटी:
सामानाचं सांगतो. ट्रक पहाटेच पुढच्या तळाकडे सुटतो. एकदा पिशवी चढली की संध्याकाळपर्यंत हाती येत नाही. त्यामुळे खांद्यावर: मोज्यांचा कोरडा जोड (प्लास्टिकच्या पिशवीत), लिटरभर पाणी, ओआरएस, रोजची औषधं, पट्ट्या, रेनकोट, ओळखपत्र, फोन. दोन-अडीच किलोच्या वर नाही. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाका. अर्ध्या बाटलीत अंदाजाने ओतलं तर प्रमाण बिघडतं आणि गुणाऐवजी त्रास होतो.

ट्रकच्या पिशवीवर दिंडीचा क्रमांक आणि रथापुढे की रथामागे, हे ठळक लिहा. क्रमांक दोन्हीकडे सारखेच असतात, नुसता आकडा लिहिलेली पिशवी भलत्याच तळावर जाऊ शकते. अंथरुणाखाली जाड प्लास्टिकचा कागद हवाच. राहुटीत पाणी वरून कमी, खालून जास्त येतं.

तळावरचा:
एक राहिलं. रस्ता कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेने चाललात तर एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. ओळीत जागा बदलायची असेल तर विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना विचारून विसाव्यानंतर बदला, भजन चालू असताना मध्येच नको.