देवकण: देवाचा कण, देव असलेला कण, की आणखी काही?

ताककण्या:
परवा रात्री जेवणं झाल्यावर पुतणीनं विचारलं, "काका, देवकण म्हणजे काय हो?" नववीत आहे, निबंध लिहायचाय. मी पेपरात वाचलेलं सांगितलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं, पुढच्या वर्षी पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांना नोबेल मिळालं, त्यालाच देवकण म्हणतात. आई शेजारी तांदूळ चाळत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "कणी चाळणीतनं खाली पडतीया. त्यात देव कुठनं आला?"

मला काही उत्तर सुचलं नाही. तेव्हा जाणकारांनो, हा समास सोडवा. आणि 'हिग्ज-बोस' अशी जोडी पण वाचली कुठंतरी. दोघांनी मिळून शोधला का?

खडू-फळा:
शेवटचं आधी. सत्येंद्रनाथ बोस यांनी हिग्ज कण शोधला नाही. बोसॉन ही कणांची जात, आणि ती बोस यांच्या १९२४ च्या कामावरून ओळखली जाते. प्रकाशाचा फोटॉनही त्याच जातीचा. 'हिग्ज-बोस' म्हणणं म्हणजे हापूस-आंबा ही दोन माणसांची नावं समजण्यासारखं आहे.

आता समास. षष्ठी तत्पुरुष घ्या नाहीतर कर्मधारय, दोन्हींत फसाल, कारण मूळ शब्दात भक्ती नाहीच. लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या १९९३ च्या पुस्तकाच्या नावात हा 'गॉड पार्टिकल' आला. त्यावर ते गमतीनं सांगायचे, की हा कण हाती लागता लागत नाही, खर्च तर अफाट, म्हणून खरं तर याला 'गॉडडॅम पार्टिकल' म्हणायचं होतं. प्रकाशकानं ते चालू दिलं नाही. हिग्जना स्वतःला हे नाव आवडत नसे. आपल्याकडं शिवी गाळून आली आणि देव तेवढा राहिला.

पांढरा रस्सा:
म्हणजे कोल्हापुरी भाषांतर 'मुडदा बशिवला कण' असं पाहिजे होतं! नाद खुळा. पुतणीला म्हणावं, हाच शब्द लिही निबंधात.

ताककण्या:
भावा, तू ये शाळेत तिचा पालक म्हणून.

खडू-फळा:
चेष्टा राहू दे, पण 'देव' अर्थानंही जड होतो. सगळीकडं पसरलेल्या हिग्जच्या क्षेत्रामुळं (हिग्ज कण ही त्याचीच खूण) इलेक्ट्रॉन, क्वार्क अशा मूलकणांना वस्तुमान मिळतं हे खरं. पण आपलं वजन बहुतेक सगळं प्रोटॉन-न्यूट्रॉनचं, आणि त्यांचं वस्तुमान मुख्यतः आतल्या क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेतून येतं. हिग्जचा वाटा जेमतेम टक्काभर. एवढ्याशा वर्गणीवर देवपण मिळत नाही.

तुमच्या आईंचा शब्द मात्र फार नेमका आहे. सर्नच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात सेकंदाला प्रोटॉनच्या सुमारे १०० कोटी टकरी होतात. सगळ्या नोंदवणं अशक्य, म्हणून यंत्रणा क्षणात ठरवते काय ठेवायचं, आणि हजारेक ठेवून बाकी सोडून देते. इंग्रजीत त्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात. मराठीत त्याचा 'चाप' किंवा 'घोडा' केला की बंदूक डोळ्यापुढं येते. 'चाळण' म्हणा, काम लगेच समजतं.

ताककण्या:
आईला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "किती चाळण्या?"

खडू-फळा:
दोन! पहिली यंत्राची, भरभर. दुसरी संगणकाची, बारीक.

ताककण्या:
आमच्याकडं पण दोनच. गव्हाची नि पिठाची.

रंकाळाकाठ:
असंच दुसरं नाव 'बिग बँग'. ज्या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलना विश्वाच्या सुरुवातीचा तो सिद्धान्त पटतच नव्हता, त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना ते वापरलं. आपण त्याचा 'महास्फोट' केला आणि लोकांना वाटायला लागलं, की रिकाम्या मैदानात कुठंतरी सुतळी बॉम्ब फुटला. अवकाशच ताणत गेलं, हे त्या शब्दात कुठंच नाही. हॉईलांचे शिष्य जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे (१९३८), हे इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जाता जाता, गॅलक्सीसाठीचा 'दीर्घिका' हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात त्याचा अर्थ लांबट तळं. संध्याकाळी रंकाळ्यावर बसून वर बघताना बरं वाटतं.

पांढरा रस्सा:
माझी पण एक शंका. क्वार्कला तीन रंग असतात म्हणे, तांबडा, हिरवा, निळा, आणि तिन्ही मिळून प्रोटॉन 'पांढरा'. म्हणजे तांबड्यातनं पांढरा होतो? आमच्यात दोन वाट्या वेगळ्या असतात.

खडू-फळा:
तो रंग डोळ्यांना दिसणारा नव्हे, एका प्रकारच्या भाराला दिलेलं नाव आहे. रंगाला 'रंग' ठीक. पंचाईत होते 'फ्लेवर'ची, म्हणजे एकाच कणाच्या उपप्रकारांची. क्वार्कचे सहा फ्लेवर, न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणाचे तीन. 'चव' म्हटलं की वर्ग हसतो, 'स्वाद' म्हटलं की मसाल्याची जाहिरात.

रंकाळाकाठ:
वाण! उसाचे असतात तसे. क्वार्कचे सहा वाण, काय वाईट आहे?

खडू-फळा:
सुंदर. पण अडचण बघा. हा 'वाण' मुळात 'वर्ण'वरून आलेला. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे रंगच. भौतिकशास्त्राला तर रंग आणि फ्लेवर दोन्ही वेगवेगळे हवेत.

रंकाळाकाठ:
म्हणीतला वाण म्हणीत राहू दे. दुकानात बियाणं मागताना वाण म्हटलं तर रंग कोण दाखवतो?

खडू-फळा:
हेही खरंच. मान्य. मग न्यूट्रिनोला म्हण उलटीच लागते. तो वाटेत चक्क वाण बदलतो. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगानं १९९८ मध्ये त्याचा पुरावा दिला, २०१५ चं नोबेल या शोधाला आहे. सूर्यातून निघतो एका वाणाचा, पृथ्वीवर येईस्तोवर बराचसा दुसऱ्याच वाणाचा झालेला असतो. आणि सूर्याचे असे न्यूट्रिनो तुमच्या नखावरून सेकंदाला काही हजार कोटी आरपार जातात.

पांढरा रस्सा:
म्हणजे लावला को ८६०३२ आणि तोडीला गेलं तर उभा दुसराच ऊस. कारखान्याला काय सांगायचं?

ताककण्या:
पुतणीनं 'देवकण' खोडून 'हिग्ज कण' लिहिलंय. चाळण ठेवलीय. 'वाण'वर अजून घरात एकमत नाही; आईच्या मते वाण संक्रांतीला देतात.