मुंबई–हीथ्रो: अंतर 7,200 किमी, मग दहा तास कसे?

प्रश्न
अंतर सगळीकडे 7,200 किमीच्या आसपास दाखवतात. ताशी 900 किमीने आठ तास होतात. पण तिकिटावर मुंबईहून लंडनला जाताना पावणेदहा-दहा तास आणि परतीला नऊच्या आसपास. आई-बाबा जानेवारीत लंडनला येणार आहेत, हीथ्रो विमानतळावर घ्यायला जायचंय. हिशेब कसा लावायचा?

उत्तर १
7,200 हे पृथ्वीच्या गोलावरचं किमान अंतर. एका अंशाला 111.2 किमी, दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन 64.86 अंश, म्हणजे साधारण 7,210 किमी (सुमारे 3,890 सागरी मैल). सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, चुकेल.

प्रत्यक्षात विमान या रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, युद्धाचे प्रदेश टाळावे लागतात. शिवाय 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आहे, त्यामुळे त्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात. हिशेबाला 7,700 किमी धरा.

उत्तर २
खरा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. 900 हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग आहे, जमिनीच्या तुलनेतला नाही. सरासरी ताशी 70 किमीचा वारा धरला तर जाताना 7,700 भागिले 830, म्हणजे सव्वानऊ तास. परतीला भागिले 970, म्हणजे आठ तासांना जरा कमी.

त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा. तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण सगळं आलं. हीथ्रोला गर्दी असली की लंडनभोवतीच्या बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम किंवा बिगिन यांपैकी एका ठिकाणावर घिरट्या घालायला लावतात.

उत्तर ३
घड्याळाचं मी सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. समजा विमान 12 जानेवारीला पहाटे 2 ला निघालं. दहा तासांनी भारतात दुपारचे 12, लंडनला सकाळचे 6:30.

आणि 12 तारखेचं पहाटे 2 चं विमान म्हणजे घरून 11 तारखेलाच रात्री निघायचं. हे आई-बाबांना आजच सांगून ठेवा. तारीख चुकली तर तिकीट बहुधा वाया जातं.

उत्तर ४
दुबईवरून येणार असतील तर अंतर फारसं वाढत नाही: मुंबई–दुबई सुमारे 1,930 आणि दुबई–हीथ्रो सुमारे 5,500 किमी. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकू नये म्हणून दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या.

घ्यायला जाताना विमान कुठे आहे ते दाखवणाऱ्या ट्रॅकरवरची अपेक्षित वेळ बघा, वेळापत्रकातली नव्हे. ‘लँडेड’ दिसलं की लगेच दारात उभं राहू नका. गेट, इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा यांत सहज तासभर जातो. टर्मिनलचा क्रमांक मात्र आधीच पक्का करा.