मदत हवी आहे: किचनची भिंत पाडू की नको?

दादरला आमची जुनी तीन मजली बिल्डिंग, आम्ही पहिल्या मजल्यावर. किचन आणि हॉलमधली भिंत काढायचं घरात ठरलंय. कंत्राटदाराने भिंतीवर दोनदा मूठ आपटली आणि म्हणाला, "पार्टिशन आहे साहेब, दोन दिवसांत उडवतो." एवढ्यावर माझा विश्वास बसेना.

दाराच्या चौकटीपाशी टेप लावली. प्लास्टरसकट साडेदहा इंच, म्हणजे आत 9 इंची वीटकाम. बाकीच्या आतल्या भिंती जेमतेम साडेपाच. वर बीम दिसत नाही, घरात कॉलमही कुठे नाही. वरच्या काकूंकडे चहाच्या निमित्ताने डोकावलो, तर बरोबर त्याच जागी त्यांचीही भिंत, तळमजल्यावरही तेच. मला तर ही भार घेणारीच वाटते.

इमारत 30 वर्षांपुढची, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, पण सोसायटीकडे मूळ नकाशे नाहीत. महापालिकेकडून माहिती अधिकारात जुने नकाशे कुणी मिळवलेत का? आणि घरी येऊन, थोडं प्लास्टर खरवडून लेखी देणारा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर साधारण किती फी घेतो? सेक्रेटरी त्या कागदाशिवाय एनओसी देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

कंत्राटदार रोज फोन करतोय.