भयपट घरी बघणाऱ्यांनी मत देऊ नये म्हणे!

माळ्यावरचा_कंदील
काल दुसऱ्या धाग्यावर 'पडदाशौकीन' यांनी पिंक टाकली: "भयपट घरी बघणं म्हणजे लग्नाला न जाता फोटो बघून जेवण कसं होतं ते सांगणं. ज्यांनी 'तुंबाड' घरी भाजी निवडत बघितला, त्यांनी त्यावर बोलू नये." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

पहिलं म्हणजे, मी भाजी निवडत नव्हतो. लसूण सोलत होतो.

दुसरं, 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा आमच्या तालुक्यात लागलाच नाही. जिथे लागला ते थिएटर चाळीस किलोमीटरवर, खेळ रात्री पावणेदहाचा आणि परतीची शेवटची एसटी साडेआठची. मी काय स्टँडवर झोपायला हवं होतं? तोच सिनेमा १३ सप्टेंबर २०२४ ला परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. मधली सहा वर्षं त्याचं नाव कोणी जिवंत ठेवलं? आम्ही लसूणवाल्यांनीच ना?

आणि भीतीचं म्हणाल तर थिएटरात आजूबाजूला शंभर माणसं, हातात समोसा. कसली भीती? घरी सिनेमा संपल्यावर मोरीतला दिवा लावायला स्वतःलाच उठावं लागतं.

पडदाशौकीन
माझ्या नावाने धागा? धन्य झालो.

कंदीलराव, 'तुंबाड'ला फिल्मफेअर कशाकशाला मिळालं ते आठवा. छायाचित्रण, कला दिग्दर्शन, ध्वनी. तिन्ही गोष्टी घरी मरतात. अख्ख्या सिनेमाभर पाऊस आणि अंधार आहे. नेट जरा मंदावलं की त्या अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. तुम्ही वाडा बघितलाच नाही, ठोकळे बघितलेत.

राहिला २०२४ चा मुद्दा. घरी बघून लोकांचं पोट भरलं असतं तर ते पुन्हा तिकीट काढून का गेले? तुमचा पुरावा माझ्याच बाजूने साक्ष देतोय.

सोलापुरी_चादर
दोघांचंही चालू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. हे लोक कुजबुजतात कशाला?

वेळ रात्री साडेअकरा, बाळ नुकतंच झोपलेलं. संवाद कळेनात म्हणून आवाज १२ वरून ३५ वर नेला. पुढच्या मिनिटाला पडद्यावर जी किंकाळी फुटली, तिने बाळ उठलं, बायको उठली, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार काठी घेऊन खाली आले. त्यांना वाटलं मी बायकोला मारतोय. दार उघडून टीव्ही दाखवला तरी ते तिलाच विचारत होते, "खरं सांग पोरी." तेव्हापासून आमच्याकडे भयपट म्हणजे एका हातात रिमोट आणि बोट कायम आवाजाच्या बटणावर. भुतापेक्षा हवालदारांचीच भीती जास्त.

एडिसनकर
@चादर, यात तुमची चूक नाही. थिएटरसाठी आवाज पाच-सहा वाटांनी मिसळतात आणि संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. घरी ते सगळं टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं जातं, त्यात संवाद गाडले जातात. सेटिंगमध्ये 'नाइट मोड' असेल तर लावा. मोठे आवाज खाली येतात, बारीक वर येतात.

पडदाशौकीन
म्हणजे ध्वनीसाठी बक्षीस मिळालेल्या सिनेमाचा आवाज चेपून बघायचा. वा!

सोलापुरी_चादर
हवालदार तुमच्याकडे पाठवू का?

कमळाकाकू
पोरांनो, तुम्ही ठोकळ्यांवरून भांडताय, आम्ही ठोकळ्यांवरच वाढलो. साल ८५. आमच्या चाळीत वर्गणी काढून चोवीस तासांसाठी व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणायचे. तीन कॅसेट: एक देवाची बायकांसाठी, एक मारामारीची आणि एक रामसे बंधूंच्या भयपटाची. देवाची आधी लावायची म्हणजे पुढच्यांचं पाप धुतलं जायचं. 'पुराना मंदिर'ची कॅसेट इतकी घासलेली की त्यातला राक्षस सामरी पडद्यावर आला रे आला, की नेमके त्याच्या तोंडावर पट्टे यायचे. तोंड धड दिसायचंच नाही. चाळीस माणसं गॅलरीत एकमेकांना धरून बसलेली. पुढे मुलाने तोच सिनेमा स्वच्छ प्रिंटमध्ये दाखवला. सगळा मेकअप दिसला आणि मला चक्क हसू आलं. तेव्हा वाईट प्रिंटनेच घाबरवलं होतं म्हणायचं.

पडदाशौकीन
काकू, रामसे घरीच बघावेत, हे मला शंभर टक्के मान्य. त्यांची लायकी तेवढीच.

कमळाकाकू
लायकी काढू नका. सात भाऊ. लेखन, कॅमेरा, आवाज, संकलन, दिग्दर्शन, सगळी कामं घरातल्या घरात वाटून घेतलेली. १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला जाऊन उरकला. तुमच्या एका मल्टिप्लेक्सच्या एसीचं बिल त्यांच्या बजेटपेक्षा जास्त येत असेल.

खुंटीवरचा_सदरा
'तुंबाड' पेंडशांच्या कादंबरीवर आहे ना?

माळ्यावरचा_कंदील
नाही, नाही आणि नाही. 'तुंबाडचे खोत'मधून फक्त नाव उचललंय. ती साखळदंडातली म्हातारी भयकथाकार नारायण धारपांच्या 'आजी' कथेतून आलीय. दर सहा महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं.

खुंटीवरचा_सदरा
बरं बाबा. पण मग गाव कोकणातलं, वाडा मराठी, माणसं मराठी आणि बोलतात हिंदी, हे कोणालाच खटकत नाही?

माळ्यावरचा_कंदील
खटकतं. त्यासाठी वेगळा धागा काढा. कृपया.

भोवरा_गरगर
धारप काय नि रामसे काय. मराठी माणसाला खरं घाबरवलं ते 'तुंबाड'मधल्या पिठाच्या बाहुल्यांनी नाही, 'झपाटलेला'तल्या तात्या विंचू नावाच्या बाहुल्याने. १९९३. विषय संपला.

पडदाशौकीन
'झपाटलेला' विनोदी सिनेमा आहे. लक्ष्या आहे त्यात. आणि मूळ कल्पना १९८८ च्या अमेरिकन सिनेमातली, गुंडाचा आत्मा बाहुल्यात जातो ती.

भोवरा_गरगर
कल्पना तिकडची असेल. पण त्या बाहुल्यात जीव ओतला रामदास पाध्यांच्या हातांनी आणि प्रभावळकरांच्या आवाजाने. बाबा चमत्कार आणि मृत्युंजय मंत्र अमेरिकेत कुठे मिळतो? आता ऐका. मी सात वर्षांचा, सांगलीला मावशीकडे, केबलवर बघितला. मावशीच्या शोकेसमध्ये सूट घातलेला एक बाहुला होता, तिला लग्नात आलेला. मावसभावाने सांगितलं, भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरतो. आम्ही नेम चुकू नये म्हणून बॉलपेनने बाहुल्याच्या भुवयांच्या मधोमध ठिपका काढून ठेवला. रात्री तरीही झोप येईना. शेवटी पिशवीत कोंबून गच्चीवर ठेवून आलो. पहाटे पाऊस. सकाळी मावशीने तो भिजका, कपाळावर शाई ओघळलेला बाहुला बघितला आणि किंचाळली ती! पुढची दोन वर्षं मला सुट्टीत बोलावलं नाही. याला तुम्ही विनोदी म्हणता?

पडदाशौकीन
हो. तुमचा किस्साही विनोदीच आहे. मी लहानपणी पिठाच्या गिरणीला घाबरायचो, म्हणून गिरणी भयपट होत नाही.

कमळाकाकू
माझा धाकटा दीर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. 'झपाटलेला' बघून आला आणि महिनाभर पुतणीची बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवत होता. बँकेत नोकरीला होता हो.

सोलापुरी_चादर
भयपटच. आमच्या वर्गात 'ओम फट् स्वाहा' म्हटलं की दोन पोरं रडायची. एक तर आता आमदारांच्या मागेपुढे असतो.

पडदाशौकीन
सात वर्षांच्या पोरांच्या चड्ड्या ओल्या झाल्या, हा निकष धरून समीक्षा चालणार असेल तर मी निघतो. म्हणूनच म्हणतो, घरी, केबलवर, जाहिरातींच्या मध्ये सिनेमा बघणाऱ्यांची चवच तयार होत नाही.

भोवरा_गरगर
वडील गिरणीत बदली कामगार होते माझे, साहेब. थिएटर वर्षातून एकदा, तेही कोणी पास दिला तर. चव तयार करायला घरातून पैसे मिळायचे तुम्हाला, आम्हाला नाही मिळायचे.

संपादक
वैयक्तिक होऊ नका. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पडदाशौकीन
भोवरा, ते वाक्य जरा जास्तच झालं. मागे घेतो. 'झपाटलेला' मात्र विनोदीच. फार तर भुताटकीची फोडणी दिलेला विनोदी.

भोवरा_गरगर
फोडणी मान्य. आज एवढंच पुरे.

एडिसनकर
आता टीव्हीचाच विषय आहे म्हणून. मारामारीचे सिनेमे घरी बघणाऱ्यांनी एक सेटिंग आजच बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, नवे टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घुसवून हालचाल गुळगुळीत करतात. मग कोट्यवधींचा पाठलाग सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की हे बंद करा. आमच्याकडे न्यू जर्सीत मित्राच्या घरी पंच्याऐंशी इंची टीव्ही, तळघरात वेगळी खोली, सगळा थाट, आणि हे सेटिंग चालूच. मी पाणी प्यायला जाताना हळूच बंद केलं. त्याला अजून माहीत नाही.

पडदाशौकीन
या धाग्यावरचा पहिला शहाणा प्रतिसाद. घरी बघायचंच असेल तर निदान दिवे बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हे सेटिंग बंद करा आणि लसूण आधी सोलून ठेवा. मग मत द्या. ऐकून घेईन. पटेलच असं नाही.

माळ्यावरचा_कंदील
एवढं औदार्य! काल रात्री केलं सगळं. सेटिंग बंद, दिवे बंद, 'तुंबाड' परत लावला. खरं सांगायचं तर वाड्याच्या भिंतींची ओल पहिल्यांदा दिसली, मागच्या वेळी तिकडे लक्षच गेलं नव्हतं. एवढं तुमच्या बाजूने लिहून घ्या. नंतर मोरीतला दिवा लावायला बायकोला उठवलं, ते माझ्या बाजूने.

एक अडचण आहे. सकाळपासून आई म्हणतेय, तिची मालिका झटके देत चाललीय, टीव्ही बिघडला, मेकॅनिक बोलाव. एडिसनकर, ते सेटिंग परत चालू कुठून करायचं?